एकतीस तारखेची वर्दी

भाऊराव हिवराळे यांनी तांदुळखेड नगरपरिषदेत किती वर्षं नोकरी केली, यावर घरात आणि ऑफिसात एकमत नव्हतं. त्यांच्या पत्नी बेबीताई तीस वर्षं म्हणत, कारण तीस वर्षं त्यांनी डबा बांधला होता. सेवापुस्तक एकोणीस वर्षं सात महिने सव्वीस दिवस म्हणत होतं. खुद्द भाऊरावांना विचारलं तर ते म्हणत, "आग लागली का जायचं. मोजते कोण?"

१९९५ साली ते पाण्याच्या टँकरवर रोजंदारीनं लागले. चार वर्षांनी नगरपरिषदेला आगीचा बंब मिळाला. बंब आला, पण त्याच्याबरोबर माणूस आला नाही. तेव्हाच्या अध्यक्षांनी सभेत असा विचार मांडला की, टँकरवाल्याला पाण्याचा अनुभव असतो, आणि आगीला शेवटी पाणीच लागतं. ठराव एकमतानं मंजूर झाला आणि भाऊराव फायरमन झाले. रोजंदारी तीच राहिली.

तांदुळखेडला आगी कमी आणि विहिरी जास्त. वर्षातून दहा-बारा कडब्याच्या गंज्या, एखादं कापसाचं जिनिंग, एखादा ट्रान्सफॉर्मर, बाकी सगळं विहिरीतलं. पडलेली म्हैस, पडलेला माणूस, उडी मारलेला माणूस. भाऊराव दोर बांधून उतरत. वर आल्यावर कुणी रडत असे, कुणी मोबाईलवर फोटो काढत असे, आणि कुणीतरी हमखास विचारत असे की इतका उशीर काऊन केला. या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसतं, हे त्यांना लवकरच कळलं होतं.

२०२४ च्या डिसेंबरात आस्थापना विभागातल्या मंजुश्री मॅडमनी त्यांना बोलावलं. पुढच्या जूनच्या तीस तारखेला भाऊरावांना अठ्ठावन्न पूर्ण होत होती आणि पेन्शनचा प्रस्ताव सहा महिने आधी पाठवायचा होता. मंजुश्री मॅडम वयानं लहान, कामाला चोख. सेवापुस्तकाचं पहिलं पान त्यांनी दोनदा वाचलं, कॅलेंडरकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही जुन्या पेन्शनमध्ये बसत नाही."

नियम सोपा होता. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी जो कायम नोकरीत आला, त्याला जुनी पेन्शन. मरेपर्यंत त्याला, मग बायकोला. जो त्या तारखेला किंवा नंतर आला, त्याला नवी योजना. तिच्यात ज्याचं जेवढं जमलं असेल, तेवढं त्याचं. भाऊरावांना कायम करण्याचा आदेश निघाला होता २८ ऑक्टोबर २००५ ला. पण सेवापुस्तकात रुजू झाल्याची तारीख होती ५ नोव्हेंबर २००५, मध्यान्हपूर्व. मधे दिवाळी होती.

"पगारातून नव्या योजनेची कपातही झालेली नाही तुमची," मॅडम म्हणाल्या. सेवापुस्तकातल्या कपातीच्या रकान्यात २००५ साली कुणीतरी पेन्सिलीनं 'पाहावे' असं लिहून ठेवलं होतं. एकोणीस वर्षं कुणी पाहिलं नव्हतं. म्हणजे भाऊराव जुन्यात नव्हते आणि नव्यातही नव्हते.

भाऊराव म्हणाले की ते ३१ ऑक्टोबरलाच रुजू झाले होते. मुख्याधिकारी साहेबांच्या बंगल्यावर जाऊन त्यांनी स्वतःच्या हातानं कागद दिला होता. मॅडमनी तो रुजू अहवाल फायलीतून काढून दाखवला. साहेबांची सही होती. सहीखाली तारीख नव्हती. तारीख होती ती आवक शिक्क्याची, आणि ती ५ नोव्हेंबर. साहेब लोक बदलून जातात, हे साहेब तर जगातूनच बदलून गेले होते. अहवाल शिक्क्यासाठी ज्या शिपायाकडे दिला होता, त्यानं तो दिवाळीभर खणात ठेवला, हे उघड होतं. पण तो शिपाईही आता सांगायला नव्हता.

मॅडमनी विचारलं, त्या दिवशी दुसरीकडे कुठं नोंद? वर्दीचं रजिस्टर?

वर्दी म्हणजे आगीची खबर. ती आली की रजिस्टरात वेळ, ठिकाण आणि गेलेल्या माणसांची नावं लिहितात. ३१ ऑक्टोबरला वर्दी आली होती, नावही लिहिलं होतं. पण २०११ मध्ये नगरपरिषदेच्या रेकॉर्ड खोलीत शॉर्टसर्किट झालं. आग भाऊरावांनीच विझवली. आगीत तीन रजिस्टरं गेली, पाण्यात एकशे चाळीस. २००५ चं वर्दी रजिस्टर दुसऱ्या ढिगात होतं. ते वाळून विटेसारखं झालं होतं आणि बरेच दिवस खोलीचं दार अडवायला वापरलं जात होतं.

मंजुश्री मॅडम म्हणाल्या की काहीतरी कागद आणा, नाहीतर प्रस्ताव असाच जाईल.

घरी मुलगी समता आली होती. ती मलकापूरला दवाखान्यात नर्स आहे. तिनं मोबाईलवर वाचून सांगितलं की काही देशांत पोलीस आणि आग विझवणाऱ्यांना पन्नाशीतच पेन्शन मिळते. शरीर झिजतं म्हणून. पंचवीस वर्षं भरली की झालं, वय पाहत नाहीत.

"तिथल्या आगी जास्त गरम असतीन," भाऊराव म्हणाले, आणि जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी बेबीताईंनी एवढंच म्हटलं की, तुमच्या मागं मी पंचवीस वर्षं जगणार आहे, तर त्याचं काय ते आत्ताच पाहून ठेवा.

३१ ऑक्टोबर २००५ ला काय झालं, ते भाऊरावांना चांगलं आठवत होतं. इतकं चांगलं की ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

तो सोमवार. ऑफिस उघडं होतं, पण आत माणसं नव्हती. मुख्याधिकारी साहेब दुपारच्या गाडीनं गावाकडे निघणार होते आणि मग आठवडाभर येणार नव्हते. १ नोव्हेंबरपासून नवा नियम लागतो आहे, हे एका बाबूनं भाऊरावांच्या कानात सांगितलं होतं. म्हणून ते बाराच्या सुमारास अहवाल घेऊन बंगल्यावर गेले. साहेब आंघोळीला होते. मग पूजेला बसले. मग जेवायला बसले. भाऊराव व्हरांड्यात उभे राहिले.

सव्वा वाजता बंबाचा ड्रायव्हर सायकलवर आला. रोहिणखेडहून फोन होता. शालूबाई घोंगे म्हणून एका बाईंच्या मळ्यात कडब्याच्या गंजीला आग लागली होती. विजेच्या तारांची ठिणगी पडली होती. बंब चालवता येणारा ड्रायव्हर होता, पण पंप सुरू करता येणारा माणूस तांदुळखेडात एकच होता, आणि तो व्हरांड्यात उभा होता.

आतून साहेबांच्या जेवणाचा आवाज येत होता. भाऊरावांनी ड्रायव्हरला सांगितलं, "गाडी गेटवर लाव. आलोच."

ते आले पंचवीस मिनिटांनी. साहेबांनी हात पुसत सही केली आणि कागद शिपायाकडे द्यायला सांगितला. तो देऊन भाऊराव धावत गाडीत बसले. रोहिणखेडला पोचेपर्यंत गंजी जळून बसली होती. बाजूला लिंबाचं एक झाड होतं, तेही अर्धं करपलं होतं. भाऊरावांनी राखेवर पाणी मारलं. एक बाई विहिरीच्या काठावर हातात बादली घेऊन बसली होती. तिनं मान वर करून बंबाकडे पाहिलं आणि बादली खाली ठेवली. त्या दिवसापासून भाऊराव कायम नोकरीत होते.

पंजाबराव खर्चे हे भाऊरावांच्या गल्लीत राहणारे, पोलिसातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचा पेन्शनचा कागद एका महिन्यात मंजूर होऊन आला होता. पोलिसात ते १९८३ ला लागले, तेव्हा तारखांना कुणी भीत नव्हतं. रोज संध्याकाळी ते पारावर बसून निवृत्त माणसानं काय खावं, यावर बोलत. भाऊरावांनी त्यांना अडचण सांगितली तेव्हा त्यांनी आहाराचा विषय अर्धवट सोडला. हे त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मग म्हणाले, "त्या जळिताचा पंचनामा म्याच केला व्हता. रोहिणखेड माह्या बीटात व्हतं."

"ठाण्यात असंन तो?"

"ठाण्यातले त्या सालचे कागद मुदत संपली तवा गेले. पण त्या बाईले सरकारी मदत भेटावी म्हणून म्या नक्कल देली व्हती." पंजाबरावांनी घसा साफ केला. "एक सांगतो. तुह्या नावाले डाग लागू नये म्हणून म्या पंचनाम्यात लिहेल हाये, का बंब बिघडला व्हता म्हणून उशीर झाला."

भाऊरावांनी हिशेब केला. उशीर बंबामुळे झाला असेल, तर ते बंगल्यावर थांबलेले नव्हते. बंगल्यावर नव्हते, तर रुजू झाले नव्हते. मित्रानं केलेला उपकार एकोणीस वर्षांनी असा अंगावर आला होता.

"पण डायवरचा जबाब मांगं जोडेल हाये," पंजाबराव म्हणाले. "तो सारं खरं बोलला. हिवराळे साहेबाच्या बंगल्यावर रुजू व्हाचा कागद द्याले गेलते, म्हणून थांबलो, असं. म्या म्हटलं राहू दे. मांगचं पान कोन वाचते?"

ड्रायव्हर वारल्याला आठ वर्षं झाली होती. जिवंत असता तर भाऊरावांनी त्याला चहा पाजला असता.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दोघं पंजाबरावांच्या मोटारसायकलवर रोहिणखेडला गेले. मोताळ्याचा बाजार होता, त्यामुळे रस्त्यात वेळ गेला. जुन्या मशिदीजवळ एका माणसाला पत्ता विचारला. तो म्हणाला की शालूबाई घरीच असतात, गुडघे गेले आहेत. पंजाबराव चौकात पानटपरीवर थांबले. बिघाडाचं लिहिणारा हात त्यांचाच होता, तेव्हा आपण आत येऊ नये हे बरं, असं त्यांचं मत पडलं.

शालूबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. सत्तरीच्या पुढं वय, डोळ्यांना जाड चष्मा. भाऊरावांनी नाव सांगितलं. त्यांना आठवलं नाही. बंबाचं सांगितल्यावर आठवलं.

"राखीवर पानी मारणारा," त्या म्हणाल्या.

भाऊराव हो म्हणाले. मग त्यांनी पंचनाम्याच्या नकलेबद्दल विचारलं. आपली नोकरी संपत आली आहे, तारखेची भानगड आहे, त्या कागदावर ३१ तारीख आहे, एवढं सांगितलं. मागच्या पानाबद्दल सांगितलं नाही. शालूबाईंनी सुनेला हाक मारून लोखंडी पेटीतली पिशवी आणायला लावली. पिशवीत सात-बारा होते, रेशन कार्ड होतं, आणि तळाशी घडी पडलेले चार कागद होते. त्यांनी ते भाऊरावांच्या हातात दिले, पण लगेच नेऊ दिले नाहीत.

"मले वाचता येत नाही," त्या म्हणाल्या. "मालक व्हते तवा त्याहीनं वरचं वरचं वाचलं व्हतं. कागद न्याचा तर ने. पण आंधी वाचून दाखव. सारा."

भाऊराव पायरीवर बसले आणि वाचू लागले. पंजाबरावांचं अक्षर वळणदार होतं. मळ्याच्या चतुःसीमा, तारांची उंची, अंदाजे अठराशे पेंढ्या, एक लिंबाचं झाड. अग्निशमन वाहनात तांत्रिक बिघाड झाल्याने वाहन विलंबाने पोचले. पंचांच्या सह्या. तिसरं पान संपलं.

ते थांबले. चौथं पान त्यांच्या हातात होतं. सून आत गेली होती. शालूबाईंनी शेंग सोलायची थांबवून त्यांच्याकडे पाहिलं, कारण हातात अजून एक कागद दिसत होता आणि वाचणारा गप्प होता.

"अजून हाये," भाऊराव म्हणाले, आणि त्यांनी तेही वाचलं. ड्रायव्हरनं जसं सांगितलं तसं. सव्वा वाजता वर्दी दिली, फायरमन हिवराळे हे मुख्याधिकारी साहेबांच्या बंगल्यावर कायम झाल्याचा रुजू अहवाल देत होते, साहेब जेवत होते, हिवराळे पावणेदोनला पाच कमी असताना आले, नंतर निघालो. घड्याळ ड्रायव्हरचं होतं, पण वेळ बरोबर होती.

शालूबाईंनी हातातली शेंग बाजूला ठेवली.

"मले वाटे गाडी खरंच बिघडली असंन," शालूबाई म्हणाल्या.

"नाही मावशी. गाडी चांगली व्हती."

"साहेब काय जेवत व्हते?"

हा प्रश्न भाऊरावांना अपेक्षित नव्हता. त्यांनी आठवून पाहिलं. "पाह्यलं नाही. वरणाचा वास येत व्हता."

शालूबाईंनी मान हलवली. मग त्यांनी सांगितलं की त्या साली चारा विकत घेण्याजोगी परिस्थिती नव्हती म्हणून संक्रांतीच्या आधी बैलजोडी विकली. एकाचं नाव सर्ज्या होतं, दुसऱ्याचं ठेवलंच नव्हतं, कारण तो नवा होता. घेणारा माणूस नांदुऱ्याकडचा होता. मालक तीन दिवस जेवले नाहीत, चौथ्या दिवशी जेवले. पुढच्या वर्षी ट्रॅक्टर भाड्यानं लावला, आता सगळेच लावतात. हे सगळं त्यांनी कुणा दुसऱ्याचं सांगावं तसं सांगितलं.

"पंचवीस मिनिटं आंधी आलो असतो तरी गंजी जळलीच असती का, मले माहीत नाही," भाऊराव म्हणाले. "थोडी राह्यली असती."

"मले माहीत हाये," शालूबाई म्हणाल्या. "म्या तिथं व्हती. अर्धी राह्यली असती."

त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितलं. चहा झाला, भाऊरावांनी प्याला. मग शालूबाईंनी कागदांची घडी घातली आणि त्यांच्याकडे दिली.

"घेऊन जाय. झेरॉक काढून मूळ आनून देजो. मह्या गंजीचा तेवढाच कागद हाये."

मंजुश्री मॅडमनी चारही पानं वाचली आणि पहिल्यांदाच खुर्चीत मागं टेकून बसल्या. त्यांनी भाऊरावांचं स्वतःचं निवेदन जोडलं, पंजाबरावांचं शपथपत्र जोडलं. पंजाबरावांनी शपथेवर लिहून दिलं की बिघाडाचं वाक्य आपण मैत्रीखातर घातलं होतं. त्यांना वाटत होतं की यामुळे आपलीही पेन्शन थांबेल. दोन महिने ते पारावर आहाराबद्दल काही बोलले नाहीत. प्रस्ताव वरच्या ऑफिसला गेला.

मार्चमध्ये भाऊराव मूळ कागद परत करायला गेले. एसटीनं गेले, एकटेच. शालूबाईंच्या मळ्यात यंदाच्या कडब्याची गंजी रचली होती. तारांच्या खाली. जागा तीच होती, लिंबाचं झाडही होतं. करपलेली बाजू कुणीतरी छाटली होती आणि दुसरी बाजू बरीच पसरली होती. भाऊरावांनी गंजीकडे पाहिलं, तारांकडे पाहिलं, आणि पावलं मोजली. मग घरी जाऊन सांगितलं की गंजी हलवावी लागते.

नवरा मलकापूरला कामाला आहे, माणूस मिळत नाही, मिळाला तर दिवसाचे पाचशे मागतो, असं सून म्हणाली. भाऊरावांनी शर्ट काढून लिंबाच्या फांदीला अडकवला आणि पेंढ्या उतरवायला सुरुवात केली. बारा वाजता सून येऊन मिळाली. तीनच्या सुमारास शालूबाई काठी टेकत आल्या आणि बांधावर बसून, आधीच्या खेपा सुनेला विचारून, मोजू लागल्या. एका खेपेला चार पेंढ्या. जुन्या जागी काही उरलं नाही, तेव्हा त्या म्हणाल्या की सहाशे वीस झाल्या, एक कमी आहे. भाऊरावांनी शोधली. ती विहिरीच्या मागं पडली होती.

संध्याकाळची शेवटची एसटी पाचला होती. निघताना शालूबाईंनी किलोभर तुरीची डाळ पिशवीत घालून दिली. भाऊरावांनी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, "घे. गंजीची मजुरी हाये. ते दुसरं काही याच्यात धरू नको." भाऊरावांनी घेतली.

एप्रिलच्या शेवटी वरच्या ऑफिसचं पत्र आलं. त्यात दोन मुद्दे होते. पहिला असा की, चालकाच्या तत्कालीन जबाबावरून श्री. हिवराळे ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मध्यान्हानंतर रुजू झाल्याचं सिद्ध होतं, सबब सेवापुस्तकात दुरुस्ती करावी. दुसरा असा की, सदर कर्मचारी रुजू झाल्याच्या दिवशीच वर्दी मिळूनही स्वतःच्या कामासाठी पंचवीस मिनिटं थांबल्याचं त्याच जबाबावरून सिद्ध होतं, सबब खुलासा घेऊन योग्य ती कार्यवाही करावी.

भाऊरावांनी पत्र दोनदा वाचलं. त्यांनी विचारलं की दुसऱ्या मुद्द्यात काय म्हणायचं असतं.

"दोन्ही मुद्दे एकमेकांना धरून आहेत, काका," मंजुश्री मॅडम म्हणाल्या. "तुम्ही त्या दिवशी नोकरीत होतात, म्हणूनच उशिराचा दोष लागतो. दोष नाही म्हणालात, तर नोकरीही नाही. तुम्हाला दोषी असणं भाग आहे."

"हाव. ते तर हाओच," भाऊराव म्हणाले.

मॅडमनी खुलाशाचा मसुदा करून दिला. त्यात लिहिलं होतं, 'माझ्याकडून नजरचुकीने विलंब झाला.' भाऊरावांनी पेन घेतलं आणि तो शब्द खोडला. मॅडम म्हणाल्या की असंच लिहितात, सगळे असंच लिहितात, त्यानं काम हलकं होतं.

"नजर चुकली नव्हती, मॅडम. साहेबाच्या भिंतीवर घड्याळ व्हतं. सारा वेळ म्या त्याच्याकडंच पाहून राह्यलो व्हतो."

मग काय लिहू, असं मॅडमनी विचारलं. भाऊरावांनी सांगितलं तसं त्यांनी लिहिलं. 'माहीत असून थांबलो. पेन्शनसाठी थांबलो.' आताच्या मुख्याधिकाऱ्यांनी हा खुलासा वाचून तो पुन्हा पाठवला, भाषा सुधारून आणा असा शेरा मारून. दोनदा गेला, दोनदा आला. तिसऱ्या वेळेला त्यांनी तसाच ठेवून घेतला, कारण जून उजाडला होता.

सत्तावीस जूनला भाऊरावांच्या सेवापुस्तकात लाल शाईनं ताकीद नोंदवली गेली. त्याच पानावर, ताकिदीच्या वर, निळ्या शाईनं रुजू दिनांकाची दुरुस्ती होती. पान एकच उरलं होतं. तीस जूनला त्याच मुख्याधिकाऱ्यांनी भाऊरावांना शाल आणि नारळ दिला. आरोग्य सभापती बोलले, पाणीपुरवठ्याचे अभियंते बोलले. भाऊरावांनी आगीत उडी घेऊन अनेकांचे प्राण वाचवले, असं एकानं सांगितलं. भाऊराव आगीत कधी उडी घेत नसत. आगीत उडी घेणाऱ्याला दुसऱ्यानं बाहेर काढावं लागतं. पण बेबीताई आणि समता पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि बेबीताईंनी नवी साडी नेसली होती, म्हणून ते गप्प बसले. उत्तरादाखल बोलायला सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की गंज्या तारांखाली रचू नका. टाळ्या झाल्या.

पेन्शन ऑगस्टपासून सुरू झाली. बेबीताईंनी बँकेचं पुस्तक भरून आणलं, नाव नीट आहे की नाही पाहिलं, आणि आपलंही नाव त्यांच्यामागं कुठंतरी लिहिलेलं आहे याची मंजुश्री मॅडमला फोन करून खात्री करून घेतली. पंजाबरावांची पेन्शन थांबली नाही. ते पुन्हा पारावर बोलू लागले, यावेळी गुळाबद्दल.

नोव्हेंबरात बँकेनं कळवलं की पेन्शनधारकांनी हयातीचा दाखला द्यावा. दरवर्षी द्यावा लागतो. पंजाबरावांना सवय होती. ते भाऊरावांना घेऊन गेले. मोठी रांग होती, सगळी म्हातारी माणसं, सगळी हयात. खिडकीवरच्या मुलीनं एक काचेचं छोटं यंत्र पुढं केलं आणि अंगठा ठेवायला सांगितला. भाऊरावांनी ठेवला. यंत्रानं लाल दिवा दाखवला. दुसरा अंगठा ठेवला. लाल. तीस वर्षं ओल्या दोरानं आणि कॅनव्हासच्या नळीनं बोटांवरच्या रेषा घासून नेल्या होत्या. मुलीनं कापडानं काच पुसली, मग भाऊरावांची बोटं पुसायला रुमाल दिला, मग एकेक बोट ठेवायला लावलं. मागं रांगेतला एकजण म्हणाला की इतका उशीर काऊन लागून राह्यला. भाऊरावांनी मागं वळून पाहिलं नाही.

"काका, तुम्ही जिवंत आहात हे मला दिसतंय," ती मुलगी म्हणाली. "पण त्याला दिसलं पाहिजे."

सातवं बोट, डाव्या हाताची करंगळीजवळची अनामिका, यंत्रानं ओळखलं. हिरवा दिवा लागला. पावती निघाली. तिच्यावर नाव होतं, तारीख होती, वेळ होती. भाऊरावांनी तारीख नीट पाहिली, वेळ नीट पाहिली, आणि मुलीला विचारलं की याच्यावर शिक्का लागतो का. ती म्हणाली, नाही लागत. तरी त्यांनी मारून घेतला.

मग दोघं मित्र बाहेर येऊन चहा प्यायला गेले.